घटनापंडितांची सोयीची व्याख्या

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वीस दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. ५ नोव्हेंबर रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असे ठरविले की, घटनेच्या ३९(ख) कलमात 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' असे जे शब्द आहेत त्यांत प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही. २५ नोव्हेंबर रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने सरनाम्यातील 'समाजवादी' हा शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळून लावली. मात्र फेटाळताना, ह्या शब्दामुळे कोणतेही विशिष्ट आर्थिक धोरण सरकारवर बंधनकारक होत नाही, त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता एवढाच घ्यावयाचा, असा खुलासाही केला. पहिल्या निकालाचे स्वागत मालमत्ताधारकांनी केले, दुसऱ्याचे आपल्यापैकी अनेकांनी. शब्द शाबूत राहिला ह्यात समाधान मानणाऱ्यांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची त्यांना विनंती आहे. दोहोंच्या तळाशी एकच गृहीतक आहे. घटना ही राज्ययंत्राच्या निरनिराळ्या अंगांचे नियमन करणारी चौकट होय. समाजातील संपत्ती कोणाच्या हाती असावी हा घटनेचा विषय नव्हे, तो धोरणाचा विषय होय, असे ते गृहीतक आहे.

हे गृहीतक न्यायाधीशांनी शोधून काढलेले नाही. कायद्याच्या महाविद्यालयात पहिल्या पावलाला विद्यार्थ्याला जी व्याख्या शिकविली जाते तिच्यात ते आहे, आणि म्हणून ह्या व्याख्येचाच एकदा समाचार घेणे आवश्यक झाले आहे. 'व्याख्येवर कसला वाद घालता? व्याख्या ही सोयीसाठी असते,' असे कोणी म्हणेल. आमचा प्रश्न एवढाच की, कोणाच्या सोयीसाठी?

इंग्रजी परंपरेत वाढलेल्या आपल्या घटनाशास्त्राचा मूळपुरुष म्हणजे ऑक्सफर्डचा प्राध्यापक डायसी. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने घटनात्मक कायद्याची व्याख्या केली ती अशी की, राज्यातील सार्वभौम सत्तेच्या वाटपावर किंवा वापरावर ज्यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिणाम होतो ते सर्व नियम घटनात्मक कायद्यात मोडतात. ह्या व्याख्येतील 'अप्रत्यक्ष' हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. तो प्रामाणिकपणे घेतला तर गावच्या जमिनीची मालकी ठरविणारा नियम घटनात्मक ठरतो, कारखान्याच्या दारावर कोणाच्या सहीने कुलूप लागते हे ठरविणारा नियम घटनात्मक ठरतो, बँकेचे कर्ज कोणास मिळावे हे ठरविणारा नियमही घटनात्मक ठरतो. कारण ह्या नियमांमुळेच काही माणसे मंत्र्याच्या दालनात थेट जाऊ शकतात आणि बाकीच्यांना बाहेर अर्ज घेऊन तिष्ठत बसावे लागते. परंतु डायसीने व्याख्येचे दार एवढे रुंद ठेवले आणि आत प्रवेश मात्र राजा, संसद, मंत्रिमंडळ व न्यायालये ह्यांनाच दिला. ह्यात त्याचा विसराळूपणा नव्हता. वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये सुरू झाल्यावर, असे वेतन घेणाऱ्या गरीब माणसास मतदानाचा हक्क असू द्यावा हे कितपत शहाणपणाचे, अशी शंका १९१४ साली ह्याच गृहस्थाने काढली होती. गरिबाच्या हाती आलेल्या चार शिलिंगांचा सार्वभौम सत्तेवर अप्रत्यक्ष परिणाम होतो हे त्याला चटकन दिसले. जमीनदाराच्या हातातील हजारो एकरांचा तसाच परिणाम होतो, हे मात्र त्याच्या घटनाशास्त्रात कोठे नोंदविलेले नाही.

डायसीनंतर व्याख्या अधिक रेखीव झाली आणि तितकीच अरुंद झाली. के. सी. व्हिअर ह्यांचे १९५१ चे छोटेखानी पुस्तक आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केले आहे. व्यापक अर्थाने घटना म्हणजे देशाची संपूर्ण शासनपद्धती आणि मर्यादित अर्थाने त्या पद्धतीविषयीचे एका दस्तऐवजात निवडून एकत्र केलेले नियम, असे दोन अर्थ व्हिअर देतात; आणि आदर्श घटना शक्य तितकी आखूड असावी असा सल्लाही देतात. आखूडपणाचा हा आग्रह वरकरणी भाषेच्या शिस्तीचा वाटतो. पण घटना आखूड करावयाची म्हणजे तिच्यातून काहीतरी गाळावयाचे, आणि गाळण्याच्या वेळी पहिली कुऱ्हाड कशावर पडते? संसदेच्या सभागृहांच्या कार्यपद्धतीवर नव्हे, तर कामाच्या हक्कावर, निर्वाहवेतनावर, संपत्तीच्या केंद्रीकरणाविरुद्धच्या तरतुदींवर पडते. केल्सेनने तर घटनेला नियमांच्या उतरंडीतील सर्वांत वरचे मडके ठरविले. खालच्या प्रत्येक नियमाला वरच्या नियमातून वैधता मिळते एवढेच त्याला सांगावयाचे होते. मडक्यात काय शिजते हा प्रश्न त्याने शास्त्राबाहेर ठेवला. निदान तो तसे उघड सांगतो, एवढे श्रेय त्याला द्यावयास हवे.

ह्यावर आमचे उदारमतवादी मित्र फ्रेंच राज्यक्रांतीकडे बोट दाखवितील. मानवी व नागरी हक्कांच्या १७८९ च्या जाहीरनाम्याचे सोळावे कलम हे घटनेच्या व्याख्यांचा मुकुटमणी समजले जाते. ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तेचे विभाजन नाही त्या समाजाला घटनाच नाही, असे ते कलम बजावते. कलम खरोखरच तेजस्वी आहे. परंतु घटनाशास्त्राच्या पुस्तकांत सोळावे कलम उद्धृत करून लेखक पुढच्या विषयाकडे वळतो. लगेच खाली असलेले सतरावे कलम तो क्वचितच वाचून दाखवितो. ते कलम मालमत्तेचा हक्क अनुल्लंघनीय आणि पवित्र असल्याचे सांगते. त्यानंतर दोन वर्षेही पुरी होण्यापूर्वी, जून १७९१ मध्ये, ल शापलिए ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने कामगारांच्या संघटना व संप बेकायदा ठरले. त्याच वर्षीच्या घटनेने नागरिकांचे 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' असे दोन वर्ग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर जो देऊ शकत नाही तो निष्क्रिय, आणि दुसऱ्याच्या घरी चाकरी करणाराही मतदानास अपात्र. हक्कांची हमी होती, सत्तेचे विभाजन होते, म्हणजे सोळाव्या कलमाप्रमाणे घटना होती. आणि विणकराला संघटना करता येत नव्हती.

ह्या साऱ्या व्याख्यांवर पहिला रोखठोक हल्ला एका समाजवाद्याने केला, हा योगायोग नव्हे. १६ एप्रिल १८६२ रोजी बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात फर्डिनांड लासालने कायदेपंडितांना सरळ विचारले की, घटना कोण करते, तिच्यात काय असते हे सर्व तुम्ही सांगता. पण घटना म्हणजे काय? त्याचे उत्तर असे होते की, समाजात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले सत्तासंबंध हीच त्या देशाची खरी घटना. ज्याच्या हुकुमावर सैन्य व तोफा चालतात तो राजा हा घटनेचा एक भाग; दरबारात वजन असलेले सरदार हा एक भाग; बोर्झिग आणि एगेल्स ह्यांच्यासारखे बर्लिनचे कारखानदार हाही एक भाग. हे संबंध कागदावर उतरविले की लिखित घटना तयार होते, आणि कागद व संबंध ह्यांत फारकत पडली की कागद फाटतो. प्रशियाच्या राजाने लोकप्रतिनिधींना न जुमानता कारभार रेटला तो त्यानंतर थोड्याच महिन्यांत, हे लक्षात घेतले म्हणजे लासालचे निदान किती अचूक होते हे कळते. आपल्या भाषेने तर ही गोष्ट शब्दातच साठवून ठेवली आहे. मराठीत 'घटना' म्हणजे घडण, शरीराची वा वास्तूची असते तशी समाजाची बांधणी. कायदेपंडितांच्या हाती सापडल्यावर त्या शब्दाचा दस्तऐवज झाला.

मात्र लासालचे शिष्यत्व पत्करताना आपल्या पक्षातील काही उत्साही मंडळी जी उडी मारतात ती आम्हांला मान्य नाही. 'कागदी घटनेला किंमत काय? ती भांडवलदारांची आहे, सत्ता आली की बदलू,' ही भाषा आपल्या सभांमधून पुष्कळदा ऐकू येते. घटना म्हणजे सत्तासंबंधांची निव्वळ नोंद असेल तर घटनाशास्त्र हे जो सत्तेवर असेल त्याचे समर्थनशास्त्र होऊन बसते, हा आक्षेप कोनराड हेसे ह्या जर्मन विधिज्ञाने १९५९ साली फ्रायबुर्ग येथील व्याख्यानात लासालवर घेतला. तो आक्षेप खोडून काढता येण्यासारखा नाही. हेसेच्या देशाने त्यापूर्वीच एका घटनेचा चोळामोळा होताना पाहिला होता. आम्हांलाही ह्यासाठी जर्मनीला जाण्याचे कारण नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी, आणीबाणी जारी असता स्थानबद्ध माणसाला न्यायालयाकडे दाद मागता येत नाही असा निर्वाळा दिला; एकटे न्या. हंसराज खन्ना उलट बाजूला उभे राहिले. तो निकाल सत्तासंबंधांशी तंतोतंत जुळणारा होता. लासालचा शब्दशः अर्थ घेतला तर चौघे बरोबर आणि खन्ना चूक असे म्हणावे लागेल! कागदावरचे एकविसावे कलम त्या दिवशी हरले, पण कागदावर होते म्हणूनच २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाला तो निकाल रद्द झाल्याचे जाहीर करता आले. आणि त्याच १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने सरनाम्यात 'समाजवादी' हा शब्द घातला गेला तेव्हा जॉर्ज फर्नांडिस तिहारच्या तुरुंगात होते. समाजवादी तुरुंगात आणि समाजवाद सरनाम्यात, हा प्रकार ज्यांनी पाहिला त्यांनी कागद व सत्ता ह्या दोहोंपैकी एकाकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

ह्या दोहोंना एकत्र धरून घटनेची व्याख्या नव्याने करण्याचा प्रयत्न आपल्याच देशात झाला, आणि तो करणारा माणूस घटनाशास्त्रात कोणाहून उणा नव्हता. मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटनासमितीसाठी जे निवेदन तयार केले, जे पुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या नावाने ओळखले गेले, त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विम्याचा व्यवसाय राज्याकडे असावा, शेती हा राज्याचा उद्योग करून ती गावकऱ्यांनी सामूहिक पद्धतीने कसावी, अशा तरतुदी होत्या. आणि ह्या तरतुदी साध्या बहुमताच्या कायद्याने नव्हे तर घटनेनेच घालून द्याव्यात असा आग्रह होता. त्यांनी जोडलेल्या स्पष्टीकरणात त्यांचा रोख सरळ घटनापंडितांवर आहे. प्रौढ मतदान आणि मूलभूत हक्क दिले म्हणजे घटनेचे काम संपले, समाजाच्या आर्थिक बांधणीत तिने शिरू नये, ही समजूत जुन्या काळच्या घटनाकारांची असून ती अपुरी ठरली आहे, असे ते सांगतात. बेकार माणसापुढे तुकडा टाकून त्याच्याकडून संघटनेचा, भाषणाचा, धर्माचा हक्क सोडवून घेता येतो. अशा माणसाच्या बाबतीत राज्याने हात आखडता घेतला तर त्याला स्वातंत्र्य मिळत नाही, तो धन्याच्या हुकूमशाहीखाली जातो. हा युक्तिवाद कोण्या पुस्तकी विद्वानाचा नव्हता. कोकणातील खोतीविरुद्ध १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणणाऱ्या आणि संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांचा एक दिवसाचा संप कम्युनिस्टांच्या बरोबरीने घडवून आणणाऱ्या पुढाऱ्याचा तो अनुभव होता.

त्या विधेयकाची पुढची कथा येथे थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण व्याख्येतून काय निसटते ते तिच्यावरून दिसते. १९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रतिनिधी तोच संघ होता जो त्यांना नको होता. हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. लोकसभेसाठी प्रतिनिधी निवडण्याचा नियम हा घटनेचा गाभा. अडीच लाख माणसांच्या पोटापाण्याचा करार करणारा प्रतिनिधी ठरविण्याचा नियम मात्र 'कामगार कायदे' ह्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेचा विषय! जमीन महसूल आणि कूळकायदा ह्यांची तिसरी प्रश्नपत्रिका. पदवी परीक्षेच्या वेळापत्रकानेच सत्तेचे असे तुकडे करून ठेवले की घटनेच्या तासाला मालमत्तेचे नाव निघत नाही, आणि निघालेच तर ते हक्क म्हणून निघते, सत्ता म्हणून नव्हे.

आता आमचे प्रतिपक्षी हुकमाचे पान टाकतात. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत प्रा. के. टी. शहा ह्यांनी पहिल्याच कलमात 'समाजवादी' हा शब्द घालण्याची उपसूचना मांडली आणि ती नाकारताना खुद्द आंबेडकरांनी सांगितले की, घटना ही राज्याच्या अंगांच्या कामाचे नियमन करणारी यंत्रणा आहे. समाजाची आर्थिक बांधणी कशी असावी हे लोकांनी काळानुरूप ठरवावे, ते घटनेत कायमचे लिहून ठेवणे लोकशाहीला मारक होईल. मग १९४७ चे आंबेडकर खरे की १९४८ चे? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. १९४८ साली ते मसुदा समितीचे अध्यक्ष ह्या नात्याने बोलत होते. त्यांच्या मागे होती ती मालमत्ता, कर व शिक्षण ह्यांच्या अटींवर बेतलेल्या मर्यादित मताधिकारातून निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी पाठविलेली सभा, आणि तिच्यातील बहुमत काँग्रेसचे. तरीही त्यांचा युक्तिवाद निव्वळ नाइलाजाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. येणाऱ्या पिढ्यांचे हात बांधू नयेत, ह्यात लोकशाहीचे खरे तत्त्व आहे. पण ज्यांना हे उत्तर तोंडपाठ आहे त्यांतील बहुतेक जण पुढचा भाग सोडून देतात. प्रा. शहांची उपसूचना अनावश्यक आहे ह्याचे दुसरे कारण आंबेडकरांनी असे दिले की, संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी, ही तत्त्वे मसुद्याच्या एकतिसाव्या कलमात आधीच आहेत. आणि ही तत्त्वे समाजवादी नाहीत तर समाजवाद म्हणजे आणखी काय, हे आपल्याला कळत नाही. तेच कलम आजचे एकोणचाळिसावे होय. म्हणजे ज्या कलमाच्या भरवशावर 'समाजवादी' हा शब्द अनावश्यक ठरला, त्याच कलमाचा अर्थ २०२४ साली आखूड झाला. आणि जो शब्द राहिला त्याचा अर्थ त्याच महिन्यात पातळ झाला.

मालमत्ता घटनेबाहेरचा विषय आहे हे जर खरे असेल, तर आपल्या न्यायालयांतील घटनेचे सर्वांत मोठे खटले जमिनीवरून का लढले गेले? बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून १९५१ साली पहिली दुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडावे लागले. त्यातील मूळच्या तेरा कायद्यांत आमचा १९४८ चा कूळकायदा आणि खोती निर्मूलनाचा कायदाही होता. १९६७ चा गोलकनाथ खटला पंजाबातील पाचशे एकरांवर मालकी सांगणाऱ्या कुटुंबाचा. २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद खटला, ज्यातून घटनेच्या 'मूलभूत चौकटी'चा सिद्धांत निघाला, तो केरळच्या जमीन सुधारणा कायद्याच्या निमित्ताने उभा राहिला. तेरा न्यायाधीशांसमोर अडुसष्ट दिवस वाद चालला आणि घटनेची ओळख कशात आहे ह्यावर सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. त्या सिद्धांताने पुढे अनेकदा मदांध सत्तेला आवर घातला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. शिवाय बहुमताचे पारडे ज्यांच्या मताने झुकले त्या न्या. खन्ना ह्यांनी मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीत येत नाही असे म्हटले होते. आणि १९७८ साली जनता सरकारच्या काळात चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांतून काढला, ह्यात समाजवाद्यांचाही वाटा होता. सांगावयाचे आहे ते वेगळेच. जमीनदाराने दरवाजा ठोठावला तेव्हा मालमत्ता हा घटनेचा विषय होता. कुळाने, कामगाराने, भाडेकरूने ठोठावला की तो धोरणाचा विषय होतो, आणि मागणी करणाऱ्यावर 'विचारसरणी'चा शिक्का बसतो.

५ नोव्हेंबरच्या निकालात हेच झाले आहे. कर्नाटकातील खाजगी बसगाड्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या खटल्यात, १९७७ साली, न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी खाजगी मालकीची साधनेही 'समाजाची साधनसंपत्ती' ठरतात असे मत स्वतंत्रपणे मांडले आणि १९८२ साली पाच न्यायाधीशांनी ते उचलून धरले. त्या मतामागे एक विशिष्ट आर्थिक सिद्धांत गृहीत धरला आहे, असा ठपका आता बहुमताने ठेवला. न्या. नागरत्ना ह्यांनी ह्या ठपक्याच्या भाषेला हरकत घेतली आणि न्या. धुलिया ह्यांनी तर निकालालाच विरोध नोंदविला, हे उल्लेखिले पाहिजे. आमचे म्हणणे असे की, घटनेने कोणत्याही आर्थिक मतप्रणालीशी बांधून घेतलेले नाही हे तत्त्व क्षणभर मान्य केले तर त्याचा परिणाम काय व्हावयास हवा? लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाने आज खाजगी गुंतवणुकीचे दार उघडले तरी न्यायालयाने आड येऊ नये, आणि उद्या भाडेकरूंसाठी इमारती संपादन केल्या तरी आड येऊ नये. प्रत्यक्षात मात्र कोणती खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती मानावयाची ह्याच्या कसोट्या न्यायालयाने स्वतः आखल्या. साधनाचे स्वरूप, त्याची दुर्मिळता, समाजावर होणारा परिणाम, खाजगी हातांत केंद्रीकरण झाल्याचे दुष्परिणाम, हे प्रत्येक खटल्यात तपासावयाचे. कसोट्या मुळीच वाईट नाहीत. पण त्या लावण्याचा शेवटचा अधिकार विधिमंडळाकडून न्यायपीठाकडे सरकला, आणि डायसीच्या अरुंद अर्थानेही सार्वभौम सत्तेच्या वाटपात हा बदल आहे. तटस्थतेच्या नावाने केलेला आहे, एवढाच विशेष.

एक आक्षेप मात्र आम्हांला गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण तो भांडवलदारांचा नाही. आज सरकार जमीन घेते ती कुळाला देण्यासाठी क्वचितच. महामार्गासाठी, उद्योगसमूहासाठी, विमानतळासाठी ती शेतकऱ्याकडून घेतली जाते. अशा वेळी दोन एकरवाल्याला जो आधार उरतो तो तीनशे-अ कलमातील मालमत्तेच्या हक्काचाच. मग हा हक्क दुबळा करून समाजवादी कोणाचे भले करणार? ह्याचे उत्तर मालमत्तेला पवित्र ठरविण्यात नाही आणि सरसकट अपवित्र ठरविण्यातही नाही. ज्या जमिनीवर माणूस स्वतः राबतो ती त्याचे जगण्याचे साधन होय. ज्या मालमत्तेच्या जोरावर तो शेकडो इतरांना राबवितो किंवा घराबाहेर काढू शकतो ती शासनसत्ता होय, तिचा उतारा खाजगी नावावर असला तरी. घटनेने शासनसत्तेला बांधावयाचे असते, हे तर डायसीपासून सर्वांना मान्य आहे. फरक एवढाच की, शासन फक्त सचिवालयातच राहते असे ते समजतात.

ज्या खटल्यातून हा निकाल निघाला तो मुंबईचा आहे. शहर बेटावरील उपकरप्राप्त, मोडकळीस आलेल्या इमारतींत भाडेकरूंच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मालक दुरुस्ती करीत नाहीत, भाड्यात परवडत नाही म्हणतात; पावसाळा आला की कोठेतरी जिना किंवा गच्ची कोसळते आणि वर्तमानपत्रांत मृतांचे आकडे येतात. १९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालून विधिमंडळाने अशी सोय केली की, इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकास देऊन इमारत संपादन करता यावी. कायद्यातच ३९(ख) कलमाचा हवाला दिला होता. मालकांच्या संघटनेचे आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ साली फेटाळले. ते १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, २००२ साली नऊ न्यायाधीशांकडे सोपविले गेले आणि २०२४ साली त्यांनी त्यावर निकाल दिला. निकालपत्रात साधनसंपत्तीची व्याख्या आहे, घटनेच्या लवचिकपणाविषयीचे विवेचन आहे, कृष्ण अय्यरांची उलटतपासणी आहे. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हा प्रश्न मात्र त्या पीठाने सोडविला नाही. त्याचा निवाडा वेगळ्या पीठाने करावयाचा आहे, आणि १९९२ साली ज्या भाडेकरूंच्या घरांवरून हा वाद तेथे गेला त्यांना ३९(ख) चा अर्थ कळला आहे, घराचे काय ते कळलेले नाही.